मधल्या खोलीतला वळसा

१

धाकटीनं मधल्या खोलीची जमीन स्वतःच्या हातानं करायची ठरवली ती गोटीच्या छातीपायी. गोटी म्हणजे तिची लेक. चार-पाच वर्षांची, गोलमटोल, चालण्यापेक्षा घरंगळणारीच जास्त, म्हणून गोटी. घराची जमीन जुन्या सिमेंटची, जागोजागी फुटलेली, बारा महिने गार. पोरगी दिवसभर त्याच्यावर लोळायची आणि संध्याकाळ झाली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. डॉक्टरीण म्हणाली, "पोरीला औषध मी देईन हो, जमिनीला कोण देणार?" घरमालकाला विचारलं तर तो म्हणाला, "करा की खुशाल. झाली की बघायला येईन."

नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. घरात माणसं म्हणजे धाकटी, गोटी आणि गोटीची आजी, म्हणजे धाकटीची आई. धाकटी शिंप्याकडून गठ्ठे आणून काजं-बटणं करायची, त्यामुळे हात बारीक कामाला सरावलेला. लाकडाच्या वखारीतला म्हातारा तिचा तो हात बघूनच म्हणाला, "तुम्हाला जमेल, ताई. महागाची लाकडी जमीन कशाला हवी? साधं प्लायवूड घ्या, मी मशीनवर त्याच्या लांब पट्ट्या पाडून देतो. कडा पॉलिश पेपरनं घासा, खाली गोंद, वर बारीक खिळे. झाली जमीन."

मग त्यानं आपली पथ्यं सांगितली. खोली आधी रिकामी करा, पूर्ण रिकामी. दोन पट्ट्यांमध्ये एका नाण्याच्या जाडीची फट सोडा, लाकडाला फुगायला जागा लागते. आणि सांधा बरोबर बसला का ते डोळ्यांनी बघू नका.

"मग कशानं बघू?"

"तळहातानं. डोळे मिटून. डोळा फार लवकर समाधान मानतो. हात मानत नाही."

धाकटीनं कपाट हलवलं, शिवणाचं मशीन हलवलं, ट्रंका हलवल्या. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही आणि मधली खोली मोकळी झाली. गोटीनं दारात उभं राहून खोलीकडं तोंड करून टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत टाळी घुमते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"घुमतच नाही," ती हिरमुसून म्हणाली.

"तुझी टाळीच फुसकी," आजी म्हणाली, आणि तो विषय तिथंच संपला.

२

काम मात्र मजेत झालं. खिडकीकडच्या भिंतीपासून सुरुवात, दाराकडे सरकत यायचं. ओळ संपताना शेवटच्या पट्टीचा जो तुकडा उरतो त्यानंच पुढची ओळ सुरू करायची, म्हणजे सांधे एकाखाली एक येत नाहीत. कापायच्या आधी जो भाग नको त्याच्यावर पेन्सिलीनं फुली मारायची. हे सगळं धाकटीच्या अंगवळणी पडलं. फटीसाठीचं नाणं ती गाऊनच्या खिशात ठेवायची. पुढची पट्टी हवी झाली की तेच नाणं जमिनीवर दोनदा आपटायचं. ठक ठक. की स्वयंपाकघरातून गोटी चमच्यानं उत्तर द्यायची, ठक ठक, आणि पट्टीचं एक टोक धरून ती ओढत आणायची. दुसरं टोक आजीच्या पायावरून जायचं.

"पाय आहे तो माझा! लाकूड नव्हे!"

"सारखाच दिसतो आजी," गोटी म्हणायची.

"बघ, बघ तुझ्या लेकीची जीभ. तुझ्यावर गेली आहे."

"माझ्यावर नाही, तुझ्यावर," धाकटी तोंडात खिळे धरून म्हणायची.

शेवटी पॉलिश. तेही स्वस्तातलंच, पण पहिला हात मारला आणि खोली मधासारखी उजळली. धाकटी गुडघ्यावर मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काहीतरी पुरं केलं होतं ज्याला शिंपी नावं ठेवू शकणार नव्हता. उरलेले तुकडे तिनं एका गोणीत भरले आणि गोणी मोरीमागं सारली. फेकवेना. आपल्या हातचं होतं.

पॉलिश वाळल्यावर गोटी त्या जमिनीवर पालथी पडून झोपली आणि त्या संध्याकाळी शिट्टी वाजली नाही. धाकटीला आणखी काय हवं होतं?

३

दुपारी घर निवांत असलं की जमिनीतून आवाज यायचा. मधूनच कुठूनतरी ठक ठक. मग थोडं थांबून पुन्हा ठक ठक. पहिल्यांदा आला तेव्हा धाकटीनं सुई थांबवून गोटीकडं पाहिलं. गोटी झोपली होती.

ती पॉलिशचा डबा परत करायला वखारीत गेली तेव्हा तिनं विचारलं. म्हातारा हसला. "नवीन लाकूड वाजतंच, ताई. ऊन लागलं की फुगतं, सावली आली की आवळतं. बसेल हळूहळू."

बसलंही. दिवसागणिक आवाज बारीक होत गेला. "बसलं बाई तुझं लाकूड," आजी म्हणाली.

पॉलिश स्वस्तातलं ते स्वस्तातलंच. थोड्याच दिवसांत जिथं पावलं पडत तिथं ते मळायला लागलं. एका दुपारी ऊन खिडकीतून तिरकं आलं आणि धाकटीला जमिनीवर वाट दिसली. दारापासून खिडकीपर्यंतची. मेंढरांनी माळावर पाडावी तशी अंधुक, मातकट पट्टी. ती दारातून निघाली होती ती सरळ खिडकीकडं जायला हवी होती. खोलीत मध्ये काहीच नव्हतं. पण वाट मधोमध पोहोचली की उजवीकडं वळत होती, थोडं अंतर भिंतीच्या कडेनं जात होती आणि पुन्हा वळून खिडकीशी येत होती. वाटेनं सोडलेला मधला भाग लांबट चौकोनी होता. आणि काल पॉलिश केल्यासारखा चकचकीत.

कपाट असेल तिथं, तिनं मनाशी म्हटलं. मग आठवलं, कपाट कायमच भिंतीला होतं.

तेवढ्यात आजी आली, वाळत घातलेला टॉवेल काढायला खिडकीकडं निघाली. मध्ये येताच तिनं वळसा घातला. भिंतीला हात लावत, अंग चोरून, चिंचोळ्या जागेतून जावं तशी गेली आणि तशीच परत आली.

"आई, वळसा का घातलास?"

"कुठं?"

"आत्ता. सरळ यायचं सोडून."

"सरळच आले की. डोळे तपासून घे तुझे, सुईत घालून घालून गेले ते."

मग गोटी आली. चाकाचा घोडा ओढत, गाणं म्हणत, कुठंही न बघता. घोड्यानंसुद्धा वळसा घातला.

धाकटी उठली. दारात उभी राहिली, खिडकीच्या गजावर नजर रोवली आणि मनाशी पक्कं करून नाकासमोर चालली. गजाला हात लागला तेव्हा तिच्या उजव्या खांद्याला भिंतीचा चुना लागलेला होता.

तिनं तो झटकला. सवय, ती म्हणाली. माणसाच्या पायाला सवय लागते. पण सवय कशाची, हे तिला सांगता येईना. दिवसभर तिचं कामात लक्ष लागलं नाही. एकाच काजाला तिनं दोनदा टाके घातले. त्यात संध्याकाळी शिंपी येऊन कुरकुरला, "हल्ली तुमच्या घरून काम निम्मंच येतं. पूर्वी एवढा गठ्ठा दोन दिवसांत व्हायचा." धाकटी म्हणाली, "माझे काय चार हात होते पूर्वी?" आजी हसली. धाकटीही हसली.

४

जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. त्याच्या पायाखाली सारायला चकती हवी म्हणून धाकटीनं मोरीमागची गोणी ओतली. लांब चिपा, तिरपे तुकडे, तुटलेली टोकं. आणि त्यांच्यात चार तुकडे वेगळे. सुबक, चौकोनी, चारही एकसारखे, तळहातावर मावतील एवढे. करवतीनं कापून पटाशीनं साफ केलेले. प्रत्येकावर फुली.

फुली तिचीच होती. तिच्या फुलीची एक टांग नेहमी लांब येते.

पट्टीच्या कडेचा असा चौकोनी घास कधी काढतात हे तिला आता ठाऊक होतं. दाराची चौकट असली, खांब असला, तर त्याच्याभोवती पट्टी बसवायला. खोलीत खांब नव्हता. आणि चौकट एवढीशी नव्हती. ती जमिनीवर ओळीन् ओळ बघून आली. एकाही पट्टीचा घास काढलेला नव्हता.

गोटीला आजीपाशी ठेवून ती तडक वखारीत गेली. म्हाताऱ्यासमोर तिनं ते तुकडे मांडले.

"काका, हे कशाचे?"

"घ्या! मलाच विचारता? खाटेच्या पायांचे घास हे. छान काढलेत."

"कुठली खाट? मी तर खोली रिकामी केली होती."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, थट्टा करता का म्हाताऱ्याची? तुम्हीच आला होता धावत. काका, सगळं हललं, खाट हलवता येत नाही, काय करू? मी म्हटलं, माणसाला उचला, खाट बाहेर काढा. तर म्हणालात, उचललं की तिला दुखतं. म्हटलं, बरं बाई, मग पायांभोवती कापा, नाण्याएवढी फट ठेवा. पण हेही सांगितलं होतं, की होता होईल तो असं करू नका. सामान ठेवून जमीन केली की ते सामान मग तिथलंच होऊन बसतं. पुढं हलवायचं म्हटलं तरी हलत नाही."

"कुणाला दुखतं म्हणाले मी?"

"तिला म्हणालात. ती कोण ते मी कशाला विचारू? तुम्हाला सगळे धाकटी म्हणतात, मला वाटलं थोरली असेल."

"मला थोरली नाही," धाकटी म्हणाली.

तोंडातून शब्द निघाले पण नीट बसले नाहीत. फट न सोडता ठोकलेल्या पट्टीसारखे ते वर उचलले गेले.

रस्ताभर तिनं स्वतःची समजूत घातली. म्हातारा झालाय. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकं, कुणाची खाट कुणाच्या नावावर घालतो. आणि धाकटी म्हणजे काय, लाडाचं नाव. लोक साठीच्या माणसाला बाळ म्हणतात, त्याला कोण विचारतं का तू बाळ कसा? पण खिशात ते चार तुकडे एकमेकांवर वाजत होते आणि तिचे पाय नकळत पळायला लागले होते.

आजी पलंगपोसाची घडी घालत बसली होती.

"आई, मला सगळे धाकटी का म्हणता?"

"धाकटी आहेस म्हणून."

"कुणाहून?"

आजीचे हात थांबले. पलंगपोसाचं टोक तसंच हवेत राहिलं. तिचे ओठ हलले, चेहरा असा झाला जणू जिन्याची एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकलं आणि ती नव्हतीच. "अगं, तुझी..." ती म्हणाली. मग पलंगपोसाकडं पाहिलं. "काय विचारत होतीस? हे टोक धर बघू जरा."

धाकटीनं टोक धरलं. घरात सगळे खाली गादीवर झोपत. खाट नव्हती. मग खाटेच्या मापाचा, झालरीचा पलंगपोस कुणाचा, हे ती विचारणार होती. घडी पुरी होईतो ते तिच्या मनातून निसटलं. खिशात हात गेला, तुकड्याचा कोपरा बोटाला टोचला, तेव्हा परत आलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी गोटीला घेऊन दुकानात गेली. धाकटी मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी गुडघ्यावर बसली आणि तिनं डोळे मिटले. तळहात जमिनीला टेकवले आणि सांधे तपासत होती तशी सरकत निघाली.

पट्टी, फट, पट्टी, फट. मळक्या वाटेवरची धुळीची कणी हाताला लागत होती. मग कणी संपली आणि पृष्ठभाग गुळगुळीत झाला. शरीर उजवीकडं ओढ घेत होतं, तिनं ओढू दिलं नाही. आणखी एक पट्टी. आणि तिथं कडेला बोट आत गेलं. चौकोनी खाच. साफ, पटाशीनं घासलेली. आणि खाचेच्या आत, नाण्याएवढी फट सोडून, गार लोखंडाचा पाय.

तिनं डोळे उघडले. समोर अखंड, चकचकीत पट्टी. तिच्यावर आपले हात, एक बोट वाकडं, कशालाच न टेकलेलं.

पळून जावं असं तिला वाटलं. पण पळून जाणार कुठं, घर तर हेच होतं. आणि म्हाताऱ्याचं बोलणं तिला आठवलं, डोळा फार लवकर समाधान मानतो. तिनं पुन्हा डोळे मिटले.

पाय होता. ती हात वर वर नेत गेली. लोखंड, लोखंड, मग आडवी पट्टी, मग चादरीची कडा. चादर ओलसर होती. आणि कडेवरून खाली एक हात लोंबत होता.

ऊब होती त्याला. थोडीशी. मनगट इतकं बारीक की धाकटीच्या चिमटीत मावलं. बोटं चाचपत तिचा अंगठा मधल्या बोटाच्या टोकाशी गेला आणि तिथं खरखरीत लागलं. सुई टोचून टोचून होतं तसं. तिच्या स्वतःच्या बोटाला होतं, तस्सं.

त्या हाताच्या मुठीत एक बटण होतं. तो हात कितीतरी दिवस, दुपार-दुपार, या बटणानं काय करत होता, हे धाकटीला एकदम कळलं.

"लाकूड नव्हतं ते," ती मोठ्यानं म्हणाली.

हाताची बोटं तिच्या बोटांभोवती मिटली. जोर नव्हता त्यांत. मांजराचं पिल्लू धरतं तेवढाच.

बाहेर फाटक वाजलं. धाकटीनं हात झटकन सोडवला आणि डोळे उघडले. गोटी आत आली, वळसा घालून खिडकीशी गेली, चिमण्या बघायला लागली. धाकटी उठून चहा ठेवायला गेली आणि आपलं काळीज एवढं का उडतंय हे तिला चहा उकळेपर्यंत आठवलं नाही. मग खिशात हात गेला. तुकडा टोचला. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

त्या दिवशी आजीनं तिला "धाकटे" अशी हाक मारली नाही. "अगं ए" म्हणाली. दोनदा.

६

सकाळ होताच धाकटीनं वाटीत पेज घेतली, तांब्यात पाणी घेतलं. आजी स्वयंपाकघरात, गोटी अंगणात. आत्ताच. थोडं पाजायचं, तोंड पुसायचं, मग म्हाताऱ्याला बोलवायचं आणि पहारीनं सगळी जमीन उखडायची. गोटीच्या छातीत शिट्टी वाजली तर वाजू दे, औषध आहे. असा सगळा बेत करून ती डोळे मिटून, गुडघ्यांवर सरकत, वाटी पुढं सारत गेली.

हात सापडला. आज तो कालच्याहून गार होता. तोंड सापडलं. ओठ फुटलेले. तिनं वाटी टेकवली, थोडं सांडलं, थोडं गिळल्याचा आवाज आला. मग त्या हातानं तिचं मनगट धरलं.

"जरा थांब," धाकटी म्हणाली. "आले मी परत. पोरगी एकटी आहे."

हातानं सोडलं नाही. सोडवून घ्यायला जोर लागला नसता. दोन बोटांनी उकलली असती ती मूठ. तीच तर अडचण होती. सोडली की चहा उकळेपर्यंत विसर पडणार, आणि उद्या खिशातला तुकडा टोचेलच याची खात्री कुणी द्यावी? तिनं आणखी थोडं पाजलं. आणखी थोडं. वाटी रिकामी झाली. मग, आता उठायचं म्हणून, मूठ न सोडताच, तिनं डोळे उघडले.

समोर खाटेचा पाय होता.

हिरव्या रंगाचा, पोपडे आलेला. जमिनीतल्या खाचेत नेमका बसलेला, चारी बाजूंनी नाण्याएवढी फट. सुरेख काम होतं. कुठं एक चीर वाकडी नव्हती. ती त्या फटीकडंच बघत राहिली. वर लोंबणारी चादरीची झालर तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होती, झालरीपलीकडं केसही दिसत होते. पण मान वर करायची छाती झाली नाही.

दार वाजलं. पट्ट्या एकेक करत कुरकुरल्या. आजीची जड पावलं आणि गोटीची दुडकी.

"आई!" धाकटीनं हाक मारली. "गोटे!"

पावलं आली, जवळ आली, आणि उजवीकडं वळली. गोटीचा फ्रॉक भिंतीला घासत गेला. त्याची शिवण उसवली होती, आजच टाके घालायचे होते.

"आजी, आई कुठंय?"

"कोण आई?"

"आई."

"बघा, आजीला आई म्हणायला लागली! चल, खाऊन घेऊ आपण दोघी."

गोटी हसली. तिला गंमत वाटली.

धाकटीनं मोकळ्या हातानं खिसा चाचपला. नाणं होतं. तिनं ते जमिनीवर आपटलं, होता नव्हता तो जोर लावून. ठक ठक.

गोटीची पावलं थांबली.

ठक ठक.

खोलीत काहीच हललं नाही. फक्त एक पट्टी किंचित कुरकुरली, लहान पावलाखालची, वळलेल्या टाचेची. धाकटीनं श्वास धरला. तिच्या मनगटावरची बोटंही घट्ट झाली, जणू तीही ऐकत होती.

"आजी, ठक ठक झालं."

"होतं गं तसं. नवीन लाकूड वाजतंच," आजी म्हणाली. "बसेल हळूहळू."

आणि गोटीनं, शहाण्या पोरीसारखं, आजीचं बोट धरलं.